माशाची ॲलर्जी की बर्फाची बेफिकिरी?

गेल्या वर्षी फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारी रात्री दवाखाना बंद करायच्या बेतात होतो, तेवढ्यात फेज ३ मधल्या एका सोसायटीतून तीन तरुण आले. तिघेही आयटीतले, एकाच फ्लॅटमध्ये राहणारे. त्यातल्या एकाचा चेहरा, मान आणि छाती लालबुंद झाली होती, डोके ठणकत होते, छातीत धडधड होत होती आणि जिभेला चरचर सुटली होती. तो मूळचा मालवणचा.

"डॉक्टर, मला माशाची ॲलर्जी आहे. तीन वर्षांपूर्वीच एका डॉक्टरांनी लिहून दिलंय. पण आज बांगडे बघून राहवलं नाही," तो ओशाळून म्हणाला.

त्याची नाडी आणि रक्तदाब पाहिला, छाती तपासली. घशाला सूज नव्हती, श्वास मोकळा होता. इंजेक्शन दिले आणि मग सहज बाकीच्या दोघांकडे पाहिले. त्यांचेही कान आणि गाल लाल होते. एक कोल्हापूरचा, एक नागपूरचा. "तुम्हाला काही होतंय का?" "थोडं गरगरतंय, पण ते उन्हामुळे असेल." रात्री पावणेदहा वाजता ऊन!

तिघांना एकाच संध्याकाळी, एकाच ताटातल्या माशाची ॲलर्जी कशी होईल? मी बांगड्यांची हकीकत विचारली. शनिवारी दुपारी घरपोच आले. पाकीट ओट्यावरच राहिले, कारण तिघेही झोपले होते. रात्री कधीतरी फ्रिजमध्ये गेले. रविवारी संध्याकाळी तळले. वास? "नाही डॉक्टर, वास अजिबात नव्हता. आणि आम्ही खरपूस तळले होते."

त्या मुलाला ॲलर्जी नव्हती. त्याला हिस्टामिनची विषबाधा झाली होती, आणि बहुधा तीन वर्षांपूर्वीही तीच झाली होती. त्या एका चुकीच्या शब्दापायी मालवणचा मुलगा तीन वर्षे माशावाचून राहिला. तो घरी गेला की आई वेगळे शाकाहारी ताट वाढत असे.

हा लेख त्या चुकीच्या शब्दाविरुद्ध आहे. त्याचबरोबर आपल्या एका सामूहिक सवयीविरुद्धही आहे. मासळीबाबत आपण "यात फॉर्मालिन आहे का?" असे विचारतो. "हा मासा किती तास बर्फाबाहेर होता?" हे कोणीच विचारत नाही. माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. का, ते समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहावे लागेल.

मासा मेल्यानंतर काय घडते?

मासा मेला तरी त्याच्या स्नायूंतल्या रासायनिक क्रिया थांबत नाहीत. त्या ढोबळमानाने तीन वाटांनी चालतात.

पहिली वाट माशाच्या स्वतःच्या विकरांची (एन्झाइम्सची). स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूचे टप्प्याटप्प्याने तुकडे होतात. मधल्या टप्प्यावर आयएमपी नावाचा पदार्थ साठतो. ताज्या माशाला जी गोडसर, रुचकर चव असते तिच्यात त्याचा मोठा वाटा आहे. पुढे आयएमपीचे इनोसिन आणि इनोसिनचे हायपोझँथिन होते. हायपोझँथिन कडवट असते. या साखळीतला शेवटचा भाग किती वाढला आहे हे मोजून माशाचा ताजेपणा ठरवण्याची पद्धत जपानी संशोधकांनी १९५९ मध्ये मांडली. तिला 'के मूल्य' म्हणतात. या बदलांनी चव जाते, पण माणूस आजारी पडत नाही.

दुसरी वाट जिवाणूंची, आणि ही नाकाला कळते. समुद्री माशांच्या शरीरात टीएमएओ (ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड) हा पदार्थ असतो. त्याला स्वतःला वास नसतो. जिवाणू त्याचे टीएमए (ट्रायमिथाइलअमाइन) करतात, आणि आपण ज्याला हिंवस वास म्हणतो तो मुख्यतः या टीएमएचा. रोहू, कटला यांसारख्या गोड्या पाण्यातल्या माशांत टीएमएओ अगदी कमी असल्यामुळे त्यांना तसा वास येत नाही. मोरीची गोष्ट वेगळी. तिच्या अंगात युरिया भरपूर असतो आणि जिवाणू त्याचा अमोनिया करतात, म्हणून शिळी मोरी नाकात झोंबते.

तिसरी वाटही जिवाणूंचीच, पण ही नाकाला कळत नाही. बांगडा, तारली, सुरमई, कुपा (ट्यूना) अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल मोकळ्या स्वरूपात भरपूर असते. माशाच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत मॉर्गनेला मॉर्गनीसारखे काही जिवाणू असतात. मासा मेल्यावर ते मांसात शिरतात. त्यांच्याकडे असे एक विकर असते, जे हिस्टिडीनचे हिस्टामिन करते. होय, तेच हिस्टामिन, जे ॲलर्जीच्या वेळी आपल्या पेशींतून बाहेर पडते. फरक इतकाच की इथे ते बाहेर तयार होऊन ताटातून पोटात जाते.

हिस्टामिनच्या तीन खोड्या

पहिली खोडी म्हणजे त्याला वास नाही. मासा दिसायला ठीक, वासाला ठीक आणि तरीही हिस्टामिनने भरलेला असू शकतो. "मी नाकाने ओळखतो" असे म्हणणारे अनेक दर्दी खवय्ये मला माहीत आहेत. त्यांचे नाक टीएमए ओळखते. हिस्टामिनपुढे ते नाक निरुपयोगी आहे.

दुसरी खोडी म्हणजे ते उष्णतेला दाद देत नाही. तळा, उकळा, कुकरमध्ये शिजवा, डबाबंद करा. जिवाणू मरतील, पण तयार झालेले हिस्टामिन तसेच राहील. "नीट शिजवलं होतं" हा बचाव इथे चालत नाही.

तिसरी खोडी सर्वांत वाईट. गोठवल्यानेही ते जात नाही. इतकेच नव्हे, तर जिवाणूंनी एकदा ते विकर तयार केले की जिवाणू मेले तरी विकर टिकू शकते. मासा फ्रीझरमधून बाहेर येऊन वितळू लागला की ते पुन्हा कामाला लागते. म्हणून दुपारभर ओट्यावर राहिलेला बांगडा रात्री फ्रिजमध्ये टाकून झालेले नुकसान भरून निघत नाही.

आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत (कोडेक्स) माशातील हिस्टामिनची सुरक्षिततेची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे. हा आकडा कुठून आला, ते २०१२ च्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ बैठकीच्या हिशोबावरून समजते. निरोगी प्रौढाला एका जेवणात सुमारे ५० मिलिग्रॅमपर्यंत हिस्टामिनने सहसा त्रास होत नाही. एका वेळी २५० ग्रॅम मासा खाल्ला असे धरले की किलोला २०० मिलिग्रॅम होतात. नीट बर्फात ठेवलेल्या ताज्या बांगड्यात हिस्टामिन या मर्यादेच्या फार खाली असते. उबेत बेवारस पडलेल्या बांगड्यात ते या मर्यादेच्या कितीतरी पट होऊ शकते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मार्गदर्शक सूचना पाहा. हवा किंवा पाणी २८.३ अंश सेल्सियसपेक्षा गरम असेल तर असे मासे मेल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात गेलेच पाहिजेत. आपल्याकडे वर्षातले किती महिने हवा यापेक्षा गरम असते, ते वाचकांनीच मोजावे.

माझा पहिला आक्षेप : आम्हा डॉक्टरांवर

हिस्टामिनची विषबाधा बहुधा खाल्ल्यावर दहा मिनिटे ते दोन तासांत सुरू होते. चेहरा लाल होणे, डोकेदुखी, धडधड, तोंडात तिखट चरचर, कधी पुरळ, मळमळ, जुलाब. ॲलर्जीविरोधी गोळीने बरे वाटते आणि एका दिवसात सारे ओसरते. गोळीने बरे वाटले म्हणजे ॲलर्जीच होती, असा निष्कर्ष आम्ही काढतो आणि केसपेपरवर लाल शाईने लिहितो, "माशाची ॲलर्जी. मासे आयुष्यभर वर्ज्य."

हा निष्कर्ष चुकीचा आहे. ती गोळी हिस्टामिनला अडवते. ते हिस्टामिन शरीराने सोडले की बांगड्यातून आले, हे गोळीला कळत नाही. ते आम्ही विचारून काढायचे असते. विचारायला दोन मिनिटे लागतात. आधी हाच मासा त्रास न होता खाल्ला होता का? बरोबर जेवलेल्यांपैकी आणखी कोणाला काही झाले का? मासा कोणता होता? तो बर्फाबाहेर किती वेळ होता?

इथे एक बारकावा आहे. "बाकी कोणाला काही झाले नाही" एवढ्यावरून विषबाधा नाकारता येत नाही. एकाच टोपलीतल्या दोन बांगड्यांत, आणि एकाच मोठ्या माशाच्या दोन तुकड्यांतही, हिस्टामिनचे प्रमाण खूप वेगळे असू शकते. शंका राहिलीच तर रक्तातील ट्रिप्टेज ही तपासणी मदतीला येते. तीव्र ॲलर्जीत त्रास सुरू झाल्यानंतरच्या काही तासांत ते वाढलेले आढळते, हिस्टामिनच्या विषबाधेत सहसा वाढत नाही. नंतर त्वचेची चाचणी किंवा आयजीई तपासणी करता येते.

खरी माशाची ॲलर्जी असते आणि ती जीवघेणी ठरू शकते, हेही ठळकपणे सांगतो. मासे खाल्ल्यावर श्वास लागला, घसा आवळला, चक्कर येऊन शुद्ध हरपू लागली, तर हा लेख आठवत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. ज्यांच्या कागदावर ॲलर्जी लिहिली आहे त्यांनीही घरी "करून बघू" असा प्रयोग करायचा नाही. ॲलर्जीतज्ज्ञाकडून तपासून घ्या. पण तपासून घ्या, हे मात्र माझे आग्रहाचे सांगणे.

चुकीचे निदान केवळ रुग्णाचेच नुकसान करत नाही. "ॲलर्जी" म्हटले की दोष रुग्णाच्या शरीराचा ठरतो. "विषबाधा" म्हटले की दोष कुठल्यातरी खोक्यात न घातलेल्या बर्फाचा ठरतो, आणि तो शोधता येतो. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम ३५ मध्ये अन्नविषबाधेच्या घटना डॉक्टरांकडून कळवून घेण्याची तरतूद आहे. पण निदानच ॲलर्जीचे केले तर कळवणार काय?

क्षयरोगाची औषधे घेणाऱ्यांसाठी

ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध शरीरातली हिस्टामिन मोडणारी विकरे दाबते. त्यामुळे इतरांना सहज पचेल एवढ्या हिस्टामिननेही या रुग्णांना त्रास होऊ शकतो. अशा रुग्णाने बांगडा, कुपा खाल्ला आणि अंग लाल झाले की त्याला वाटते औषध सोसत नाही, आणि तो गोळ्या बंद करतो. ही चूक बांगड्यापेक्षा शतपटीने महाग पडते. औषध बंद करू नका. उपचार चालू असेपर्यंत बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांबाबत सावध राहा आणि डॉक्टरांना विचारा.

माझा दुसरा आक्षेप : फॉर्मालिनच्या भयावर

व्हॉट्सॲपवर दर महिन्याला एक संदेश येतो, "मासे खाताय? प्रेताला लावतात ते रसायन खाताय!" याला थोडा खरा आधार आहे. जून २०१८ मध्ये केरळात 'ऑपरेशन सागर राणी' या मोहिमेत फॉर्मालिन लावलेली हजारो किलो मासळी पकडली गेली. पुढच्याच महिन्यात, १२ जुलै २०१८ रोजी, गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मडगावच्या घाऊक बाजारात तपासणी केली. जागेवरच्या चाचणीत फॉर्मालिन दिसले, मग प्रयोगशाळेने प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगितले. लोक भडकले. ज्या पदार्थाला परवानगीच नाही त्याची मर्यादा कसली, असा त्यांचा सवाल होता. विधानसभेत गदारोळ झाला आणि मनोहर पर्रीकर सरकारने परराज्यातून येणाऱ्या मासळीवर पंधरा दिवसांची बंदी घातली.

लोकांचा संताप योग्य होता. फॉर्माल्डिहाइड हे मान्यताप्राप्त परिरक्षक नाही. ते माशाला लावणे गुन्हा आहे आणि तो करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यासाठी कागदी पट्टीची सोपी चाचणीही तयार केली आहे.

पण या भयाने दोन गोष्टी झाकल्या. पहिली म्हणजे फॉर्माल्डिहाइड माशात कोणी न मिसळताही तयार होते. मघाशी सांगितलेला टीएमएओ काही माशांत वेगळ्या विकरामुळे तुटतो आणि त्यातून डायमिथाइलअमाइन आणि फॉर्माल्डिहाइड हे दोन पदार्थ निघतात. युरोपातल्या कॉड जातीच्या माशांत हे होते, आणि आपल्या लाडक्या बोंबलात तर ठळकपणे होते. म्हणजे सचोटीच्या कोळिणीच्या ओल्या बोंबलातही फॉर्माल्डिहाइड सापडू शकते. म्हणून नैसर्गिक किती आणि मिसळलेले किती, हे माशाच्या जातीप्रमाणे ठरवावे लागते. आपल्या स्वतःच्या रक्तातही लिटरला दोन-तीन मिलिग्रॅम फॉर्माल्डिहाइड कायम असते आणि शरीर ते काही मिनिटांत मोडत असते. "सापडले" म्हणजे "मिसळले" असे सरळ समीकरण नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कोणी फॉर्मालिन का लावतो? बर्फ परवडत नाही, पुरत नाही, प्रवास लांबतो, म्हणून. फॉर्मालिन हा बर्फाच्या टंचाईवरचा गुन्हेगारी उपाय आहे. आपण त्या रसायनाचे नाव घेऊन ओरडतो आणि मूळ टंचाईबद्दल गप्प बसतो. माझ्या दवाखान्यात माशातल्या फॉर्मालिनमुळे तडकाफडकी आजारी पडलेला रुग्ण मी अजून पाहिलेला नाही. लाल चेहऱ्याने आलेले, बांगडा किंवा कुपा खाल्लेले रुग्ण मी दरवर्षी पाहतो.

माझा तिसरा आक्षेप : 'ताजा' या शब्दावर

हिंजवडीपासून भाऊचा धक्का दीडशे किलोमीटरच्या आसपास. रत्नागिरी त्याहून लांब, वेरावळ तर फारच लांब. मासा बोटीवर काही दिवस, मग धक्क्यावरचा लिलाव, मग ट्रक, मग गणेश पेठेतला बाजार किंवा एखादे गोदाम, मग दुकान, मग शिवाजी चौकातल्या वाहतुकीत अडकलेली दुचाकी, आणि मग तुमचे दार. या मासळीवर 'आज सकाळी पकडलेला' असे लिहिणे म्हणजे ग्राहकाला मूर्ख समजणे आहे.

कॅलेंडरही पाहा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून बंद असते. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही किनाऱ्यांवर यांत्रिक बोटी नांगरलेल्या असतात. त्या दिवसांत आपल्या भागात 'ताजा पापलेट, ताजी सुरमई' असे फलक लागलेले मी पाहिले आहेत. लहान होड्यांची थोडीफार मासळी येते हे मान्य, पण ती हिंजवडीतल्या प्रत्येक दुकानाला पुरेल एवढी खासच नसते. ती मासळी बहुतांशी शीतगृहातली, वितळवून बर्फावर मांडलेली.

शीतगृहातली असण्याला माझा आक्षेप नाही. तो लपवण्याला आहे. वितळवलेला मासा 'ताजा' म्हणून घेतला की आपण तो घरी फ्रीझरमध्ये पुन्हा गोठवतो, पुन्हा वितळवतो, आणि प्रत्येक वेळी काही तास जिवाणूंना आणि विकरांना मोकळे सोडतो.

गोठवणे म्हणजे काळ थांबवणेही नव्हे. उणे १८ अंशांवर जिवाणूंची वाढ थांबते, पण रसायनशास्त्र मंदगतीने चालूच असते. बांगडा, तारली यांच्यातले ओमेगा-३ मेद ऑक्सिजनशी संयोग पावून खवट होतात, म्हणून असे मासे दोन-तीन महिन्यांतच संपवावेत. कमी चरबीचे मासे त्याच तापमानाला सहा-आठ महिने बरे राहतात. प्रथिने पाणी धरून ठेवण्याची ताकद गमावतात, मांस चिवट होते. घरच्या फ्रीझरमध्ये मासा हळूहळू गोठतो, त्यामुळे बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळताना ताटलीत पाणी साचते. हा सगळा चवीचा आणि पोषणाचा तोटा, विषबाधेचा नव्हे. बोटीवर किंवा कारखान्यात झटपट गोठवलेला आणि तसाच तुमच्यापर्यंत आलेला मासा चार दिवस अर्ध्यामुर्ध्या बर्फात फिरलेल्या 'ताज्या' माशापेक्षा अधिक सुरक्षित असतो. हे ऐकून माझे कोकणातले नातेवाईक रागावतात, पण ते खरे आहे.

बर्फाचा हिशोब

शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण २५ किलोकॅलरी काढाव्या लागतात. कागदावर ३०० ग्रॅम बर्फ पुरतो. पण बाहेरची उष्णता खोक्यात सतत शिरत असते, म्हणून उष्ण प्रदेशात किलोभर माशाला किलोभर बर्फ असे प्रमाण सांगितले जाते.

टास्मानियातील जून ऑली आणि डेव्हिड रॅटकोव्स्की या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक उपयुक्त हिशोब मांडला. मासा शून्य अंशावर ज्या वेगाने बिघडतो, त्याच्या सुमारे दुप्पट वेगाने ४ अंशांवर आणि चौपट वेगाने १० अंशांवर बिघडतो. म्हणजे १० अंशांवरचा एक दिवस म्हणजे बर्फातले चार दिवस! जातीप्रमाणे हे थोडे बदलते, पण दिशा तीच.

मी स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर घेऊन काही रविवार घरी आलेल्या मासळीचे तापमान मोजले. हा अभ्यास नव्हे, केवळ कुतूहल. सुंदर छपाईच्या पाकिटातून घरपोच आलेली सुरमई एकदा ११ अंश भरली. पाकिटात बर्फाची एक विरघळलेली पिशवी होती. थर्माकोलच्या कळकट खोक्यात बर्फाच्या चुऱ्यात बांगडे पुरून विकणाऱ्या मावशींचा बांगडा भरला २ अंश. पाकिटावर छापलेल्या शब्दांपेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा, हे मी त्या दिवशी शिकलो.

दोन हरकती

"आमच्या आजीने कुठे बर्फ वापरला होता?" आजीच्या घरी सकाळी उतरलेला मासा दुपारी आमटीत असे. उरलेला मीठ लावून उन्हात वाळत असे. आजी वेळेचे गणित पाळत होती. आपण आजीची चव घेतली आणि गणित सोडून दिले.

"बर्फ वाढवला तर मासा महागेल." थोडा महागेल. पण आज जो नासका मासा फेकला जातो त्याची किंमतही आपणच भरतो, आणि दवाखान्याचे बिल वेगळे. शिवाय लहान विक्रेत्यांना स्वस्त बर्फ, चांगले खोके आणि मंडईत सावली मिळवून देणे हे पालिका आणि ग्रामपंचायतीचे काम आहे. मावशींवर दंड आकारण्याआधी तेवढे करावे.

मग करायचे काय?

१. विकत घेताना "ताजा आहे का?" असे विचारू नका. उत्तर ठरलेले असते. "गोठवलेला होता का?" असे विचारा. मासा बर्फावर नुसता मांडलेला आहे की बर्फात पुरलेला आहे, ते पाहा.

२. घरपोच मागवत असाल तर पाकीट आल्याबरोबर उघडा. मासा हाताला नुसता गार लागून पुरत नाही, बर्फासारखा थंड लागला पाहिजे. कोमट बांगडा परत करा. संकोच करू नका.

३. आल्याबरोबर फ्रिजमध्ये, खालच्या बाजूला मागे, शक्य तर बर्फाच्या ताटलीत ठेवा. बांगडा, तारली, कुपा त्याच दिवशी खा.

४. गोठवायचा असेल तर साफ करून, पातळ थरात, हवा काढलेल्या पिशवीत, तारीख लिहून. वितळवायचा तो फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही. वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही.

५. पहिल्याच घासाला जीभ चरचरली, तिखट झोंबले, तर तो मासा तिथेच सोडा. मसाल्याला दोष देत पुढे खाऊ नका.

६. त्रास झालाच तर डॉक्टरांना माशाचे नाव, वेळ आणि बरोबर कोण जेवले ते सांगा. उरलेला तुकडा फेकू नका, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. तपासणीला तोच पुरावा असतो.

अन्न व औषध प्रशासनाला माझी एकच विनंती आहे. फॉर्मालिनच्या पट्टीबरोबर निरीक्षकाच्या खिशात एक थर्मामीटरही असू द्या, आणि माशाचे तापमान मोजून ते नोंदवा.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती वेगळी. लाल शाईने "आयुष्यभर वर्ज्य" लिहिण्याआधी ती दोन मिनिटे द्या.

मालवणच्या त्या मुलाला मी ॲलर्जीतज्ज्ञाकडे पाठवले. तपासण्यांत काही आढळले नाही. मग तिथेच, देखरेखीखाली, त्याला मासा खायला देऊन पाहिला. काहीही झाले नाही. मे महिन्यात तो गावी गेला आणि तिथून त्याने मला ताटाचा फोटो पाठवला. तळलेले बांगडे, सोलकढी, भात. खाली लिहिले होते, "डॉक्टर, सकाळी उतरलेले आहेत. आईने दुपारच्या आत तळले."